चार पाळ्यांचं दूध

मैदानावर आम्हा बायकांना नावं नव्हती. मुलीच्या पाठीवर जो नंबर, तोच आमचा. मी दहा नंबरची आई. सोबत सात नंबरची आई आणि चार नंबरची आई. चौथीला मात्र कोणी नंबराने ओळखत नसे. ती गोलकीपरची आई. चौघींची घरं चारकोपच्या एकाच सेक्टरात, दहा मिनिटांच्या अंतरावर. मुली फुटबॉलच्या एकाच क्लबात, पंधरा वर्षांखालच्या टीममध्ये. क्लब म्हणजे तरी काय? एक सर, सोळा-सतरा मुली आणि गवतापेक्षा मातीच जास्त असलेलं एक मैदान.

प्रॅक्टिस सकाळी सहाला, मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि रविवार. चार दिवस आणि चार आया, हिशेब सोपा होता. वेळापत्रक मीच केलं, कारण असली कामं मी दुसऱ्याला करूच देत नाही. कॉलेजच्या ऑफिसात परीक्षांची वेळापत्रकं लावण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. मंगळवार माझा, गुरुवार सात नंबरचा, शनिवार चार नंबरचा. गोलकीपरची आई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगला होती, तिला सुट्टी रविवारची, म्हणून रविवार तिचा. जिची पाळी तिने चारही मुलींना घेऊन जायचं, कट्ट्यावर बसायचं, प्रॅक्टिस संपली की थर्मासातलं दूध आणि काहीतरी खायला द्यायचं आणि घरी आणून सोडायचं. बाकी तिघींनी त्या दिवशी निवांत डबे करायचे. झकास चाललं होतं.

सुरुवातीला नुसतं दूध असायचं. मग एका गुरुवारी सात नंबरच्या आईने बदाम आणले. मुली घरी येऊन सांगणारच ना! शनिवारी चार नंबरच्या आईने बदामाबरोबर केशर घातलं. मग मी काय हात चोळत बसणार? मी काळ्या मनुका आणि अक्रोड सुरू केले. कोणी कोणाला काही बोललं नाही. विषयसुद्धा निघाला नाही. पण आपल्या पाळीला आपण कमी पडायचं नाही, एवढं प्रत्येकीला कळत होतं. बायकांचं हे असंच असतं, आणि मी त्यात सगळ्यांच्या पुढे.

गोलकीपरची आई रविवारी शेंगदाण्याचे लाडू आणायची. खरं सांगायचं तर मुलींना तेच सगळ्यात आवडायचे. पण दोन-तीन रविवार गेले आणि तिनेही बदाम आणले. एका कागदात चार, दुसऱ्या कागदात चार, असे चार कागद केलेले. मला कळलं तेव्हा मी तिला म्हटलं, "अहो, कशाला? तुमचे लाडू बरे होते की."

"असं कसं ताई," ती म्हणाली, "सगळ्या देतात तर."

मी हसून सोडून दिलं. त्या चार शब्दांवर मी थोडा विचार केला असता तर हे पुढचं लिहायची वेळ आली नसती.

दिवाळीच्या आधी माझ्या मुलीच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. डॉक्टरांकडे नेली, रक्त तपासलं, तर डी व्हिटॅमिन कमी. मी डॉक्टरीणबाईंशी वादच घातला. "अहो, मैदानात खेळते पोर, हिला ऊन कमी कसं पडेल?" त्या शांतपणे म्हणाल्या, "सहाच्या उन्हाने काही होत नाही, आणि नंतर दिवसभर शाळा आणि क्लास. मुंबईत निम्म्या मुलांचं हेच आहे." त्यांनी डी-थ्रीची पावडर लिहून दिली. आठवड्यातून एक पुडी, दुधात घालून, आठ आठवडे. मग परत दाखवायला या, असंही म्हणाल्या.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. निम्म्या मुलांचं हेच, म्हणजे चारातल्या दोघींचं तरी असणारच. मग चौघींनाच का देऊ नये? ताकदीची गोष्ट आहे, विष थोडंच आहे? मी कोणाला विचारलं नाही. मी कधीच विचारत नाही, हा माझा जुना रोग आहे. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीही न बघता पुड्यांचा खोका काढून दिला. पुढच्या मंगळवारी मी चार ग्लासांत चार पुड्या फोडल्या, ढवळल्या आणि म्हटलं, "प्या गं मुकाट. हाडं लोखंडाची होतील."

मुलींनी घरोघरी जाऊन सांगितलं, की दहा नंबरच्या काकूंच्या दुधात पुडी असते. झालं. गुरुवारच्या दुधात पुडी आली. शनिवारच्या दुधात पुडी आली. रविवारी गोलकीपरच्या आईनेही मेडिकलमध्ये जाऊन तीच मागितली. बदाम तिला झेपत नव्हते. ही पुडी झेपली. निदान एका बाबतीत तरी ती आमच्या बरोबरीला आली. प्रत्येकीने आपापल्या पाळीला, आठवड्यातून एकदाच घातली. तिघीही त्या पुडीला बदामाच्या जातीचं काहीतरी समजल्या, आणि बदाम काय, रोज दिले तरी चांगलेच.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मंगळवारी द्यायचे आणि बाकीचे दिवस घरात पोळ्या लाटायचे. आठ आठवडे संपले तरी मी थांबवलं नाही, आणि डॉक्टरीणबाईंकडेही गेले नाही. मुलीच्या पोटऱ्या दुखायच्या थांबल्या होत्या. त्यात आमच्या मुली एक मोठी स्पर्धा जिंकल्या. म्हटलं, चाललंय ते चालू दे.

त्या स्पर्धेनंतरच गोलकीपरचं नाव राज्याच्या कॅम्पच्या निवड चाचणीसाठी गेलं. आमच्या क्लबातून तिचं एकटीचं. पोर होतीच तशी. उंच, हाडकुळी, बोलायला कमी. पण गोलात उभी राहिली की अशी काही वाढायची, की समोरच्या मुलीला दोन खांबांमध्ये फटच दिसू नये. तिची आई पेढे घेऊन माझ्या घरी आली. बसा म्हटलं तरी बसेना, दारातच उभी.

"ताई, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागते म्हणतात ना? सर म्हणाले, राज्याकडून खेळली तर पुढचं सोपं होईल." पेढ्यांचा पुडा तिने माझ्या हातात दिला. "माझ्यासारखं दिवसभर उभं राहून खोकी भरायला नको हो तिला. आमच्या घरातलं कोणीच कधी अशा यादीत नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी तिचं एवढं केलंत, म्हणून झालं हे."

मी फुगले, दुसरं काय. चाचणी दीड महिन्यावर होती.

त्यानंतर पोर उतरायला लागली. आधी तहान. दोन बाटल्या पाणी प्यायची आणि तिसरी मागायची. मी म्हटलं, उन्हं वाढली आहेत, प्यायलाच पाहिजे. मग प्रॅक्टिस अर्धवट टाकून ती सारखी बाथरूमला पळू लागली. बाकीच्या मुली चिडवायच्या, ती ओशाळून हसायची. मग तिची भूक गेली. शेंगदाण्याचा लाडू हातात धरून बसून राहायची आणि हळूच परत डब्यात ठेवायची. हातातले बॉल सुटू लागले. सर वैतागले, म्हणाले, "हिला वीकनेस आलाय. काही खायला-प्यायला घाला."

आता खायला-प्यायला घालणं म्हणजे माझंच खातं. मी तिला चांगली झाडली. "नखरे बंद कर. चाचणी तोंडावर आलीये आणि तू दूध टाकतेस? थेंब उरता कामा नये." ती निमूटपणे ग्लास संपवायची. डोळे मिटून, एका दमात. मला त्याचं समाधान वाटायचं. आज ते समाधान आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

चाचणीला दहा दिवस होते. मंगळवार होता, म्हणजे पाळी माझी. वॉर्मअपच्या दुसऱ्या फेरीत ती खाली बसली आणि ओकली. नुसतं पाणी. मी धावत गेले, पाठ चोळली, तोंड धुतलं, कट्ट्यावर आणून बसवली. म्हटलं, पोटात काही नाही म्हणून होतंय. आणि थर्मासातलं दूध ओतून, पुडीसकट, घोट घोट करून तिला पाजलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि प्यायली. पाच मिनिटांनी उठायला गेली तर पाय धरेनात. काहीतरी असंबद्ध बोलायला लागली. सरांनी रिक्षा थांबवली आणि आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं.

तिची आई कंपनीच्या एप्रनमध्येच आली. सलाईन लावलं होतं, रक्त तपासायला गेलं होतं. दुपारी एक तरुण डॉक्टर बाहेर आला. रक्तातलं कॅल्शियम फार वाढलंय म्हणाला, किडनीवर ताण आलाय. मग त्याने विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत?"

"काहीच नाही," तिची आई म्हणाली. "साधी तापाची गोळीसुद्धा घेत नाही ती."

"व्हिटॅमिन वगैरे? डी?"

"ती पुडी तेवढी. दुधातून. पण ती आठवड्यातून एकदाच, माझ्या पाळीला. रविवारी."

मी म्हटलं, "रविवारी? अहो, रविवारी कशाला? मंगळवारी देते ना मी."

माझा फोन गेल्यावर धावत आलेली सात नंबरची आई शेजारी उभी होती. "गुरुवारी मी पण देते गं," ती म्हणाली. "आणि शनिवारी चार नंबरची पण."

डॉक्टर आमच्याकडे पाहतच राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. "किती महिने?" त्याने विचारलं. मी बोटांवर मोजलं. "चार. होत आले साडेचार." तो म्हणाला, दुसरी काही व्हिटॅमिनं जास्त झाली तर लघवीतून निघून जातात, हे तसं जात नाही, अंगात साठत राहतं. औषध बंद केलं तरी उतरायला महिने लागतात. मग त्याने स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हटलं, "आठवड्याला चार म्हणजे जास्तच झालं. पण हिची लेव्हल त्याच्याही पलीकडे आहे."

बाकी तिघींचं रक्त त्याच दिवशी तपासलं. सात आणि चार नंबरचे डीचे आकडे वाढलेले, पण कॅल्शियम ठीक होतं. दूध बंद, पुडी बंद, पुन्हा तपासणी, एवढ्यावर निभावलं. माझ्या मुलीचा रिपोर्ट मात्र अगदी नॉर्मल. एवढासुद्धा वर नाही. खोटं कशाला बोलू, तो कागद हातात आल्यावर आधी मी सुटकेचा श्वास टाकला. देवाचे आभार मानले. माझं डोकं चालायला लागलं ते त्यानंतर.

मुलीला समोर बसवून विचारलं, "तू दूध पीत होतीस की नाही?"

ती रडायलाच लागली. "मला नाही आवडत गं मम्मी. वास येतो त्याला. आधी मी घोटभर पिऊन उरलेलं मातीत ओतायचे. मग ती प्यायला लागली माझं."

"ती म्हणजे?"

"गोलकीपर. रोज. तू नाहीतर काकू बॅगा भरत असायचात ना, तेव्हा आम्ही ग्लास बदलायचो."

"आणि बाकीच्या काकूही पुडी घालतात, हे तुला माहीत होतं?"

"हो. सगळ्यांनाच माहीत होतं." तिने नाक पुसलं. "वेळापत्रक तूच केलं होतंस ना. मला वाटलं, तूच सांगितलं असशील."

माझा हात उचलला गेला होता. तो मी कसा आवरला, मला माहीत नाही. चौदा वर्षांच्या पोरीला काय मारायचं! वेळापत्रक खरंच माझं होतं. दुसऱ्यांच्या लेकरांना न विचारता औषध पाजणारी बाई मीच होते. आमच्याकडे म्हणतात ना, उंटावरचा शहाणा, तशी मी. नवऱ्याने रात्रीच्या जेवणावर नुसतं "अति तिथे माती" म्हटलं, तर मी ताट सारून उठले. त्याचं बरोबर होतं म्हणूनच सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात जाऊन मी तिच्या आईला सगळं सांगितलं. पुडी कोणी सुरू केली, कोणाच्या सांगण्यावरून, किती दिवसांसाठी लिहून दिली होती, आणि माझ्या मुलीचा ग्लास कुठे जात होता, सगळं. ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. मला वाटत होतं ती ओरडेल, शिव्या घालेल. घालाव्यात असं मनातून वाटतही होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. एप्रनच्या खिशातली कंपनीची रजेची चिठ्ठी काढली, घडी उलगडली, परत घातली.

"म्हणजे डॉक्टरांनी फक्त तुमच्या मुलीला सांगितलं होतं?"

"हो."

"मला वाटलं, तुम्ही विचारून घातलं असणार." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "तुम्ही शिकलेल्या. ऑफिसात आहात. मी म्हटलं, ताई देतात म्हणजे चौकशी करून देत असणार. नाहीतर मी कशाला घातली असती हो माझ्या लेकराच्या दुधात?"

त्यानंतर ती कामापुरतं बोलते, वाटेत भेटली तर थांबतेही, पण मला ताई म्हणत नाही. मी तिला कसं विचारणार, का म्हणत नाही म्हणून?

निवड चाचणी झाली त्या दिवशी पोर हॉस्पिटलातच होती. सरांनी फोनाफोनी केली, पण तारीख कोणासाठी पुढे जात नसते. पुढच्या वर्षी तिला पंधरा पूर्ण होतात, म्हणजे त्या गटात ती बसत नाही. वरच्या गटात बसेल, पण डॉक्टरांनी वर्षभर तरी मॅच खेळायची नाही असं सांगितलंय. दर पंधरा दिवसांनी रक्त, दर महिन्याला किडनीची तपासणी. रिपोर्ट सुधारतायत. पूर्वीसारखी होईल का, हे डॉक्टर सांगत नाही आणि आम्ही विचारायचं धाडस करत नाही.

दोन महिन्यांनी तिच्या घरी गेले. आई कामावर होती. पोरीने दार उघडलं, काकू या म्हणाली, पाणी आणलं. गळ्याची हाडं वर आली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सरळ माफी मागितली. एवढ्याशा पोरीची माफी मागताना मला कसलीही लाज वाटली नाही. मग म्हटलं, "आणि आमच्या बाईसाहेबांनी स्वतःचा ग्लास तुझ्या गळ्यात मारला, त्याबद्दल मी तिला चांगलीच फैलावर घेतलीये."

"नाही काकू, तिला ओरडू नका," ती घाईघाईने म्हणाली. "ती नको म्हणायची. मीच मागायचे."

"का गं? तुला एवढं दूध आवडतं?"

"नाही. मलाही वास यायचा." ती खाली बघत होती. "सिलेक्शन पाहिजे होतं. मला वाटलं, दोन पुड्या प्यायले तर दुप्पट ताकद येईल."

"असं कोणी सांगितलं तुला?"

ती जरा घुटमळली. मला दुखवायचं नव्हतं तिला. "तुम्हीच म्हणालात ना काकू. आपण फायनल जिंकलो तेव्हा. सगळ्या जणी नाचत होतो आणि तुम्ही म्हणालात, बघा, माझ्या पुडीने जिंकलात की नाही?"

म्हणाले होते. अगदी ह्याच शब्दांत, हसत हसत, तिच्या डोक्यावर टपली मारून. ती फायनल पेनल्टीवर गेली होती आणि पाचातल्या तीन पेनल्टी ह्या पोरीने अडवल्या होत्या, शेवटची तर नुसत्या बोटांच्या टोकांनी. तोवर ती पुडीचा एकच ग्लास, स्वतःचा तेवढा, प्यायची, तोही माझ्या आग्रहाखातर. दुसरा ग्लास ती त्या दिवसापासून मागायला लागली.